नामदेव पायरीचे उत्तर



परमेश्वर सगुण की निर्गुण, हा प्रश्न गीतेइतका जुना आहे. बाराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन विचारतो, भगवंताची भक्ती करणारे श्रेष्ठ, की अव्यक्त अक्षराचे उपासक? श्रीकृष्ण श्रद्धावान भक्ताला श्रेष्ठ ठरवितात. अव्यक्ताचे उपासकही आपल्यालाच येऊन मिळतात, असेही सांगतात. मात्र देहधारी मनुष्याला ती वाट अधिक कष्टाची आहे, ही जाणीव ते करून देतात.

पुढे आचार्यांनी या प्रश्नाचा सखोल ऊहापोह केला. शंकराचार्यांनी निर्गुण ब्रह्म हेच अंतिम सत्य मानले. रामानुजाचार्यांनी अनंत कल्याणगुणांनी युक्त नारायणालाच परब्रह्म म्हटले. महाराष्ट्रात मात्र या वादाचे उत्तर एका शिंप्याच्या जीवनात सापडते.

संत नामदेव विठ्ठलाशी लेकरासारखे बोलत. परंपरा सांगते, की तेरढोकीला गोरोबाकाकांनी संतांची परीक्षा घेतली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. पुढे औंढ्या नागनाथाच्या मंदिरात विसोबा खेचर शिवपिंडीवर पाय ठेवून पहुडलेले त्यांना दिसले. नामदेवांनी आक्षेप घेताच विसोबा म्हणाले, जेथे देव नाही तेथे हे पाय उचलून ठेव. अशी जागा काही सापडली नाही. नामदेवांचा विठ्ठल त्या दिवशी विटेपुरता उरला नाही.

नामदेव पुढे पंजाबपर्यंत गेले. निराकार परमेश्वराचा उद्घोष करणाऱ्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आदराने समाविष्ट आहेत. पण ज्याला सर्वत्र देव दिसला, त्याने पंढरी सोडली काय? वारकरी परंपरेनुसार १३५० मध्ये त्यांनी समाधी घेतली ती विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराशी, पायरीखाली. संतांची चरणधूळ मस्तकी लागावी म्हणून. निर्गुणाच्या बोधाने त्यांची सगुणभक्ती पुसली गेली नाही, ती विशाल झाली.

त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, तेव्हा नामदेवांनीच त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. ज्यांनी दार बंद ठेवले, त्यांना मूर्तीतील देव दिसला, दाराबाहेर उभा असलेला देव दिसला नाही. उलट, देव सर्वत्र आहे, मग दर्शनाचा हट्ट कशाला, असे चोखोबांना सांगणे हे तत्त्वज्ञान नव्हे, निर्दयता ठरली असती. त्यांना त्या सावळ्या मुखाचेच दर्शन हवे होते. ते दार सर्वांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. चोखोबांनंतर सहा शतके लोटली होती.

म्हणून सगुण-निर्गुणाचा वाद केवळ पंडितांच्या सभेतला नाही. निर्गुणाचे भान सुटले, की देव एका गटाच्या मालकीचा होतो. सगुणाचा आधार सुटला, तर आजारी लेकराच्या उशाशी बसलेल्या आईने हाक कोणाला मारावी? हाक मारायला देव सगुण हवा. आणि ती हाक शेजारच्या आईचीही तोच ऐकतो, हे उमजायला तो निर्गुण हवा.

देवघरात निरांजन लावणारा हात दारी आलेल्या माणसासाठीही जोडला जातो का, एवढे ज्याने त्याने पाहावे. नामदेवांचे मडके तेथेच पक्के झाले.