खातं आपलं, नंबरही आपलाच हवा

आमच्या बचत गटात कितीतरी जणींच्या खात्याला नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा. बियाण्याचे पैसे ऑनलाइन भरायचे, तर ओटीपी पुण्याला कामावर गेलेल्या मुलाच्या फोनवर! नंबर बदलायला गेलो, तर बँकेत ‘उद्या या’. हेल्पलाइनवर नुसतं ‘एक दाबा, दोन दाबा’. शेवटी आम्ही लेखी अर्ज दिले, पोच घेतली. तेव्हा कुठे काम हललं.

तुम्हीही पोच घ्याच. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही. माहितीसाठी फोन १४४४८. आणि ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्याला ओटीपी कधीच सांगू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० लावा.