‘स्वभावच तसा!’

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलिसांनी पकडलेल्या मुलाच्या घरी चौकशीला गेलं की शेजारीपाजारी, शिक्षक, कधीकधी आईसुद्धा एकच वाक्य ऐकवते, ‘त्याचा स्वभावच तसा!’ जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण तर आपल्या तोंडी तयारच असते. आज या ‘स्वभावा’विषयीच बोलायचं आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल मंडळापुढे हजर झालं की पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावा लागतो. परिविक्षा अधिकारी नसेल तर हे काम आपल्यासारख्या सामाजिक कार्यकर्तीकडेही येतं. त्यात आपण लिहिलेले दोन शब्द त्या मुलाला चिकटून राहतात.

स्वभावाचा आणि गुन्ह्याचा काही संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलामुलींचा अभ्यासकांनी लहानपणापासून पाठपुरावा केला. कॅस्पी, मॉफिट आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली तिथली आणि अमेरिकेतल्या पिट्सबर्गची माहिती एकत्र मांडली. चटकन संताप येणं, जग आपल्या वाइटावर आहे असं वाटणं आणि मनात आलं की करून मोकळं होणं, हे गुण ज्यांच्यात जास्त, त्यांच्यात कायदा मोडण्याचं प्रमाणही जास्त होतं. मुलगे काय, मुली काय, दोघांतही हेच दिसलं.

पण हे प्रमाण झालं, भविष्य नव्हे. मॉफिटबाईंनी १९९३ मध्ये दाखवलं, की लहानपणापासून मोठेपणापर्यंत वाट न सोडणारी मुलं थोडीच असतात. बहुतेकांचं वागणं किशोरवयापुरतं बिघडतं आणि पुढे मार्गी लागतं. २०११ मध्ये याच ड्युनेडिनच्या मुलांविषयी आणखी एक गोष्ट पुढे आली. लहानपणी संयम कमी असलेल्यांपैकी ज्यांचा संयम मोठं होताना वाढला, त्यांचं पुढचं आयुष्य अपेक्षेपेक्षा बरं गेलं. म्हणजे खोड जिवंतपणीच बदलते.

आजूबाजूची माणसं बदलली तरी फरक पडतो. याच अभ्यासात लवकर वयात आलेल्या मुली मुलामुलींच्या एकत्र शाळेत नियम जास्त मोडताना दिसल्या. फक्त मुलींच्या शाळेत तसं झालं नाही. यावरून मुलींना घरात कोंडा असं कुणी म्हणेल, तर तो अर्थ चुकीचा आहे. अर्थ इतकाच, की आतलं वळण आणि बाहेरची संगत मिळून वागणं घडतं. अहवालात आपण त्यातलं एकच लिहितो.

आता आपल्या घरांकडे पाहू या. मुलाने ताट भिरकावलं तर ‘पुरुषाची जात, तापट असायचीच’. मुलीने उलट उत्तर दिलं तर ‘वळण नाही, हाताबाहेर गेली’. बाप आईवर हात उचलतो ते मुलगा रोज बघतो. राग आवरायला त्याला कुणी शिकवत नाही. पुढे त्याने कुणाचं डोकं फोडलं की आपण त्याचा स्वभाव शोधायला निघतो! मुलीला मात्र काही न फोडताच गुन्हेगार ठरवता येतं. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात, मूल आवरत नाही म्हणून पालकांनी तक्रार करण्याची तरतूद होती. रात्री उशिरा येणारी, स्वतःच्या पसंतीने फिरणारी मुलगी ‘न आवरणारी’ ठरायला कितीसा वेळ लागणार?

शास्त्रही यातून सुटलेलं नाही. ग्लूक पतिपत्नींचा १९५० चा गाजलेला अभ्यास घ्या. बोस्टनमधले ५०० गुन्हेगार आणि ५०० इतर, हे सगळे मुलगेच होते. अशा अभ्यासांच्या मापाने मुली मोजायच्या कशा?

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या बलात्कारानंतर देशभर संताप उसळला. तो आपलाही होता. त्यानंतरच्या २०१५ च्या कायद्याने अतिगंभीर गुन्ह्यात १६ ते १८ वर्षांच्या मुलाची प्राथमिक पारख करायला सांगितलं. त्यावरून खटला मोठ्यांसारखा चालवायचा का, हे ठरू शकतं. पण तिथेही कायदा विचारतो ते त्याची क्षमता, परिणामांची समज आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडला म्हणतात ती परिस्थिती. ‘जन्मजात वाईट आहे का’ हा प्रश्न कायद्यात नाही. पीडित मुलीची बाजू घेताना आपणही तो घुसडायचं कारण नाही. न्याय हवाच, पण तो मुलाने केलेल्या कृत्याचा हवा.

म्हणून माझी विनंती एवढीच. ‘हट्टी’, ‘तापट’, ‘उनाड’ असे शब्द लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा: कधी, कुणापुढे आणि कशावरून? बापापुढे हट्टी असणारी मुलगी धाकट्या भावाला सांभाळताना कशी असते, तेही लिहा. तो कागद वाचूनच कुणीतरी तिला घरी पाठवायचं की संस्थेत, हे ठरवणार आहे.