मावळात अँटिगनी: क्रेऑनची बाजू कोण मांडणार?



एकवीरेच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू कार्ल्याच्या चैत्यगृहात डोकावतात, पण खांबांवरील ब्राह्मी अक्षरांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. हे खांब कोणी दान दिले याची नोंद त्या अक्षरांत आहे, आणि दात्यांमध्ये धेनुकाकट येथील अनेक ‘यवन’ आहेत. ते ग्रीक वंशाचे होते की केवळ त्या नावाने ओळखले जात, यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण यवन म्हणवणाऱ्या माणसांचे खांब दोन हजार वर्षे इथले छप्पर पेलीत आहेत, ही गोष्ट डोळ्यांसमोर आहे. ग्रीक शोकांतिका मावळात आणावयाची असेल, तर तिनेही असाच इथला भार उचलला पाहिजे.

भाषेची अडचण अजिंक्य नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९७९ मध्ये ‘राजा ओयदिपौस’ लिहून सोफोक्लीसला मराठीत बोलते केले. अधिक अवघड प्रश्न कोरसचा आहे. अथेन्समध्ये कोरसचे पंधराजण व्यावसायिक नट नसत. ते त्या नगराचे नागरिक असत, आणि त्यांच्या तालमीचा खर्च एखाद्या धनिकाला सार्वजनिक कर्तव्य म्हणून करावा लागे. समोर बसलेल्या नगराचाच एक तुकडा रंगस्थळी उभा असे. मावळात असा समूह मुद्दाम घडवावा लागत नाही. बुवाने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, ही रीत इथल्या भजनी मंडळांच्या अंगवळणी आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही लोकनाट्याचा बाज घेऊनच ‘पुढारी पाहिजे’ रंगविले होते. लोकांचा घाट घेतल्याने नाटक हलके होत नाही.

आता ‘अँटिगनी’चे कथानक पाहावे. थीब्झवर चाल करून आलेला पॉलिनायसिस युद्धात मरतो. राजा क्रेऑन आज्ञा काढतो की, या देशद्रोह्याच्या प्रेताला कोणी मूठभर मातीही देऊ नये. बहीण अँटिगनी ती आज्ञा मोडते आणि मृत्युदंड पत्करते. कार्यकर्त्याला येथे १९२१ सालची रामनवमी आठवावी हे स्वाभाविक आहे. त्या १६ एप्रिलला टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापट त्याचे नेते झाले, आणि अखेर गावे पाण्याखाली गेली. ९ ऑगस्ट २०११ हा दिवसही आठवतो. पवना धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्यास विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर बऊर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तीन जण ठार झाले, त्यांत एक स्त्री होती.

परंतु येथेच दिग्दर्शकाने सावध राहावयास हवे. क्रेऑनला खाकी गणवेश चढवून खलनायक केला की टाळ्या मिळतात आणि शोकांतिका संपते. सोफोक्लीसचा क्रेऑन यादवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नगराची घडी बसवू पाहतो. सर्वांच्या हितापुढे आप्तांचे नाते दुय्यम, हा त्याचा युक्तिवाद पोकळ नाही. म्हणूनच थीब्झचे वृद्ध, म्हणजे कोरस, तो मुकाट्याने मान्य करतात.

मावळातील क्रेऑनचा युक्तिवादही पोकळ नव्हता. लोणावळ्याजवळच्या तलावांचे पाणी खोपोलीस उतरवून १९१५ मध्ये वीज निर्माण झाली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. त्या गिरण्यांत मालकांचा नफा होता, तशी हजारो कामगारांची भाकरीही होती. पिंपरी-चिंचवडच्या नळावर हंडा लावणारी बाई बहुधा कोणा कामगाराचीच पत्नी असते. एका कष्टकऱ्याच्या गरजेचे नाव पुढे करून दुसऱ्याची जमीन मागितली जाते, तेव्हा समाजवादी कार्यकर्त्याची खरी परीक्षा होते. सार्वजनिक हित हा शब्द खोटा असता तर प्रश्न सोपा होता. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच माणसे गप्प बसतात.

त्या गप्प बसण्यात या नाटकाचे मर्म आहे. राजपुत्र हायमॉन बापाला बजावतो की, नगर त्या मुलीसाठी हळहळते आहे, पण भीतीपोटी उघड बोलत नाही. भविष्यवेत्ता टायरेसियस इशारा देऊन जातो, तेव्हा कुठे कोरस राजाला स्पष्ट सल्ला देतो: आधी मुलीला सोडव, मग प्रेताला माती दे. क्रेऑन क्रम उलटा करतो. प्रथम प्रेताचा संस्कार उरकतो आणि मग गुहेकडे धावतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. मेलेल्यांचा सन्मान आधी आणि जिवंतांचा न्याय मागाहून, ही चूक सत्ताधाऱ्यांना आजही सुचते. गोळीबारानंतरची श्रद्धांजली त्याच जातीची असते.

म्हणून असा प्रयोग मावळात व्हावा, तेव्हा क्रेऑनची भाषणे कापू नयेत. ती चांगल्या नटाने पूर्ण ताकदीने म्हणावीत. कोरसमध्ये पवनेच्या खोऱ्यातली माणसे असावीत आणि त्यांच्या शेजारी पिंपरी-चिंचवडचे कामगारही असावेत. क्रेऑनचे बोलणे ऐकताना त्यांपैकी कोण मान डोलावतो आणि कोण खाली घालतो, हे प्रेक्षकांना दिसले पाहिजे. ग्रीक नगराने आपल्याच नागरिकांना कोरसमध्ये उभे केले, ते याचसाठी. योग्य सल्ला त्यांना ठाऊक होता. तो त्यांनी फार उशिरा दिला.