काटा कोणाचा, वही कोणाची ?

(डहाणू-तलासरी भागांतील शेतकरी, मजूर व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



सरकारी कंत्राट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक शेटजी उभा राहतो, आणि त्याच्या हाताखालीं पाटी घेऊन आपण. खोदावें, कापावें, वाहावें हें आपलें काम, आणि कंत्राट घेणें हें दुसऱ्याचें, असें आपणांस पिढ्यानुपिढ्या पढविलें गेलें. हें खोटें आहे. खुद्द जोतीराव फुले हे सरकारी कामांचे कंत्राटदार होते. 'पुणें कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ही त्यांची पेढी. कात्रजच्या बोगद्याचें व येरवड्याच्या पुलाचें काम ह्या मंडळीनें केलें. मुंबईंत सत्यशोधक समाजास मोठा हात देणारे रामय्या व्यंकय्या अय्यावारू हेही कंत्राटदारच. जोतीरावांनीं इंजिनीयर खातें आंतून पाहिलें आणि तेथल्या कारकुनांच्या लबाडीवर पोवाडा रचला. तेव्हां कंत्राटांत पैसा कोठें मुरतो, हा प्रश्न आपल्या घरांत दीडशें वर्षें जुना आहे. मीं आज तोच विचारणार आहें.

आतां ह्याच मुलखाची गोष्ट घ्या. सन १९४५ सालीं तलासरी हा तालुका नव्हता. हीं गांवें उंबरगांव तालुक्यांत होतीं. त्या सालीं मे महिन्यांत झरीस वारल्यांची परिषद भरली, वेठ बंद करण्याचा निश्चय झाला, आणि शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या किसान सभेच्या झेंड्याखालीं गवत कापणाऱ्यांनीं संप केला. मागणी काय होती ? पांचशें रत्तल गवतास अडीच रुपये. ह्या मागणीपायीं १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत जेठ्या गांगड व त्याच्याबरोबर चौघे पडले.

ज्यांनीं रक्त देऊन दर मिळविला त्यांना माझा नमस्कार. पण दर मिळाल्यावर पुढें काय, हें पाहा. पांचशें रत्तल कोणी मोजायचे ? समजा, काटा व्यापाऱ्याच्या अंगणांत आहे आणि तो सहाशें रत्तलांस पांचशें दाखवितो. मजुरानें सहाशें कापले, हातांत अडीच रुपये पडले. म्हणजे पांचशेंचा खरा भाव झाला दोन रुपये एक आणा चार पै. दर मोडला नाहीं, कोणी शब्द फिरविला नाहीं, आणि तरी दर शेंकड्यास जवळजवळ सतरा रुपये गेले. ह्याला चोर म्हणावें तर पुरावा कोठें आहे ?

लाकडाचें तसेंच. जंगलखातें कूप आंखतें, कोणतीं झाडें पाडायचीं त्यांवर हातोड्याचा शिक्का मारतें. पूर्वीं हे कूप लिलांवांत कंत्राटदार घेत. १९४६ मध्यें जंगलमजुरांनीं रोजास सव्वा रुपया मागून संप केला, तो ह्याच कंत्राटदारांविरुद्ध. मग बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतां १९४७ पासून मुंबई सरकारनें नवी वाट काढली : कूप कंत्राटदारास न देतां मजुरांच्याच सहकारी सोसायटीस द्यावा. ठाणें जिल्ह्यांत अशा जंगल कामगार सोसायट्या आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्थांच्या आधारानें उभ्या राहिल्या. मजुरी मिळायची ती मिळावी, शिवाय माल विकल्यावर निव्वळ नफ्यांतला वांटा सोसायटीस यावा. महाराष्ट्रांत हा वांटा शेंकडा वीस ठरला.

कल्पना सोन्यासारखी होती. तिच्यांत भोंक पडलें तें कोठें, तें नीट ऐका, कारण आज कोणतेंही सरकारी काम घ्याल तरी तेंच भोंक पुढें येईल. झाड पाडणाऱ्यास मजुरी आठवड्याच्या बाजारास पाहिजे. लाकूड डेपोवर जाऊन, मोजलें जाऊन, विकलें जाऊन पैसा यायचा तो कित्येक महिन्यांनीं. मधल्या महिन्यांत पाड्यावर भात कोण देणार ? ज्या सोसायटीजवळ भांडवल नाहीं तिच्या दारांत तोच जुना व्यापारी हंसत येतो. "चेअरमन तुमचा, शिक्का तुमचा, मीं फक्त पैसा घालतों." सही आपली, माल त्याचा. कंत्राटदार कायद्यानें गेला आणि मागच्या दारानें आला. खावटीच्या कर्जानें आपल्या बापजाद्यांस वेठीस बांधलें. ही कोऱ्या कागदावरची सही म्हणजे त्या खावटीची धाकटी बहीण होय.

म्हणून माझें म्हणणें असें कीं सोसायटी काढण्याआधीं हंगामाचा हिशेब करा : माणसें किती, आठवड्याची मजुरी किती, पैसा येईपर्यंत आठवडे किती. ती रक्कम बँकेकडून किंवा सरकारी आगाऊ रकमेंतून मिळण्याची सोय नसेल, तर काम लहान घ्या. नफा वांटण्याची घाई करूं नका. पहिल्या वर्षाचा नफा हा दुसऱ्या वर्षाची मजुरी समजा. पुढें १२ डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या हुकुमानें मंजूर कार्य-आयोजनेखेरीज जंगलतोड बंद झाली. तेव्हां केवळ कुऱ्हाडीवर विसंबून चालावयाचें नाहीं, दुसरीं सरकारी कामेंही पाहिलीं पाहिजेत.

तीं कामें गांवांत आहेतच. रस्ता आहे, बंधारा आहे, आश्रमशाळेची भिंत, बाक, खिडक्या आहेत. सुतार-लोहार बंधूंनीं एक लक्षांत ठेवावें : केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी-धोरणानें लहान उद्योगांस टेंडर-फी व अनामत माफ केली, आणि २०१८ पासून त्यांच्याकडून वर्षाच्या खरेदीचा चौथा हिस्सा घेण्याचें बंधन खात्यांवर घातलें, त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठीं शेंकडा चार राखले. पण नोंदणीचा कागद नसेल तर हें सगळें हवेंत. आणि काम मिळालें तरी बिल निघतें तें ओव्हरसियरच्या मोजमाप-वहीवरून. भिंत दहा हात बांधली आणि वहींत आठ लिहिली, तर भिंत आठच हात. उलट आठ बांधून दहा लिहिली, तर तुमच्याच पोराच्या शाळेचे दोन हात कोणीतरी खाल्ले. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें त्या वहीची नक्कल मागतां येते, इतकेंच नव्हे तर प्रत्यक्ष काम तपासतां येतें आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुनाही घेतां येतो. अर्जाची फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही नाहीं.

भाताचें दोन शब्दांत सांगतों. आदिवासी विकास महामंडळ हमीभावानें भात घेतें. २०२४-२५ च्या हंगामास साध्या भाताचा भाव क्विंटलास २,३०० रुपये होता. ओलावा शेंकडा सतरापर्यंत चालतो. तो मोजणारें यंत्र तुमच्या डोळ्यांसमोर लावलें पाहिजे आणि आंकडा पावतीवर पाहिजे. केंद्र उशिरां उघडतें म्हणून खळ्यावर व्यापाऱ्यास भात घालाल, तर त्याचा काटा, त्याचा ओलावा, त्याचाच भाव.

गडचिरोलींत मेंढा (लेखा) हें लहानसें गोंडांचें गांव आहे. त्या ग्रामसभेनें वनहक्क मिळवून २०११ सालीं आपला बांबू आपणच विकला. टेंडर काढणारी तीच, अटी घालणारी तीच. कंत्राटदार आला तो ग्रामसभेपुढें अर्जदार म्हणून आला. डहाणू व तलासरी हीं अनुसूचित क्षेत्रें आहेत. १९९६ चा पेसा कायदा तेथें लागू आहे तसाच येथेंही आहे. मात्र मेंढ्याच्या लोकांनीं आधीं वर्षानुवर्षें बसून अभ्यास केला, मग टेंडर काढलें. आपल्याकडे उत्साह आधीं आणि वही मागाहून, असा क्रम दिसतो !

कोणी म्हणेल, आम्हांस वाचतां येत नाहीं, वही पाहून काय करूं ? पाड्यावर सातवी शिकलेली एक तरी मुलगी आहे ना ? तिला बरोबर घ्या. सहकारी संस्थांच्या कायद्यानें सभासदास तपासलेला ताळेबंद फुकट पाहतां येतो. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हावयाची असते. त्याआधीं आठ दिवस ताळेबंदाची नक्कल मिळवा, संध्याकाळीं सर्वांस जमवा आणि त्या मुलीकडून ती मोठ्यानें वाचवून घ्या. ज्या रकमेपुढें 'किरकोळ' असें लिहिलें असेल तेथें तिला थांबवा, खूण करून ठेवा, आणि सभेच्या दिवशीं पहिला प्रश्न त्या रकमेचा विचारा.