जालन्याचं बोन्साय: वड, पिंपळ, उंबर

बोन्साय म्हटलं की जपानी ज्युनिपर आठवतो. पण चाळिशी ओलांडणाऱ्या जालन्याच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणं कठीण. इथे वड, पिंपळ, उंबरच घ्यावेत. जुन्या भिंतीच्या फटीत मूठभर मातीवर पिंपळ वर्षानुवर्षं तग धरतो. उथळ कुंडी म्हणजे झाडावर जुलूम, या आक्षेपाला त्यातच उत्तर आहे. कुंभाराची बिनझिलईची कुंडी लवकर सुकते, ही तक्रार मात्र खरी. पण त्याच सच्छिद्रतेमुळे मुळांना हवा मिळते, बाष्पीभवनाने माती गार राहते. तळाला भोकं पाडूनच कुंडी मागावी. आपली काळी माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. ती थोडीच घेऊन विटांचा चुरा आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. मे महिन्यात पाणी सकाळ-संध्याकाळ द्यावं.