सामाईक फाइल हरवते तेव्हा

(संगणकचालकांच्या प्रशिक्षणवर्गात केलेले भाषण)



दाखल्यासाठी माणसे रांगेत उभी आहेत आणि संगणकाच्या पडद्यावर ‘व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल’ ही फाइल सापडत नसल्याची सूचना उमटते. हा प्रसंग आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. अशा वेळी घाईने केलेल्या उपायातून मूळ बिघाडापेक्षा मोठे संकट ओढवते. म्हणून या सूचनेचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

डीएलएल म्हणजे डायनॅमिक लिंक लायब्ररी. गावच्या देवळात लग्नकार्यासाठी सामाईक भांडी ठेवलेली असतात, तशा या फाइली. छपाई करणे, अक्षरे रेखाटणे अशी अनेक आज्ञावलींना लागणारी कामे त्यांत एकदाच लिहून ठेवलेली असतात. विंडोज १९८५ साली बाजारात आली तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीला किमान २५६ किलोबाइट स्मृती पुरत असे. एवढ्या तुटपुंज्या जागेत ही काटकसर अपरिहार्यच होती.

पण कोणी नवे पातेले उचलून तेथे जुने ठेवले, तर पुढच्या लग्नघराची पंचाईत होते. १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच घडू लागले. एक आज्ञावली बसविताना सामाईक फाइलवर तिची जुनी आवृत्ती लिहिली जाई आणि दुसरीच आज्ञावली बंद पडे. जाणकारांनी या प्रकाराला ‘डीएलएल हेल’, म्हणजे डीएलएलचा नरक, असे नाव दिले. विंडोज २००० मध्ये प्रणालीच्या फाइलींवर पहारा बसविण्यात आला आणि हा उपद्रव पुष्कळ कमी झाला.

आता मुख्य मुद्दा. सूचनेत नाव फाइलचे येते, म्हणून तेवढी एकच फाइल कोठून तरी उतरवून घेण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. अनोळखी ठिकाणची फाइल विषाणूग्रस्त असू शकते. आणि ज्या यंत्रावर नागरिकांचे आधार क्रमांक व उत्पन्नाचे तपशील हाताळले जातात, तेथे ही जोखीम आपली एकट्याची राहत नाही. शिवाय ३२ बिटांच्या आज्ञावलीला ६४ बिटांची फाइल चालत नाही. (गंमत अशी की, ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ६४ बिटांच्या फाइली ‘सिस्टिम३२’ नावाच्याच कप्प्यात असतात!)

फाइल कोणाची, हे आधी पाहावे. वर उल्लेखिलेली फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल’ या संचातील आहे. तो संच कंपनीच्या अधिकृत स्थळावरून घेऊन पुन्हा बसवावा. फाइल एखाद्या आज्ञावलीची स्वतःची असेल, तर ती आज्ञावली नव्याने बसवावी. विषाणूरोधकाने फाइल अडकवून ठेवली आहे काय, तेही तपासावे. फाइल खुद्द विंडोजची असेल, तर प्रशासकाच्या अधिकाराने प्रथम ‘डीआयएसएम’ची दुरुस्ती-आज्ञा व नंतर ‘एसएफसी /स्कॅननाउ’ चालवावी. पहिली दुरुस्तीसाठी लागणारा मूळ साठा नीट करते, दुसरी त्यातून बिघडलेल्या फाइली बदलते.

एवढे करूनही त्याच तक्रारी पुनःपुन्हा उद्भवल्या, तर डिस्कच निकामी होत असल्याचा संशय घ्यावा. मग दुरुस्तीची खटपट बाजूला ठेवून, सर्वप्रथम कार्यालयीन माहितीची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी.