मित्र कोणाला म्हणावे?



मंडळाने आम्हांस 'मित्र' या विषयावर बोलण्यास सांगितले. आम्ही काही विद्वान नाही. कला शाखेचे पदवीधर आणि गेली वीसेक वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलेले कारकून. पण कोणाला किती मित्र आहेत व ते कसे आहेत, हे काउंटरच्या आतून बरेच कळते.

सिगालोवाद सुत्त आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. राजगृह येथे सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला तथागतांनी केलेला हा उपदेश आपल्यासारख्या संसारी माणसांसाठीच आहे. मित्राचे सोंग घेणारे चार जण त्यात सांगितले आहेत : नुसता घेणारा, नुसता बोलणारा, तोंडावर गोड बोलणारा आणि व्यसनात सोबत करणारा. बाकीच्यांना आपण लवकर ओळखतो. घात होतो तो गोड बोलणाऱ्याकडून, कारण तो आपल्याला आवडतो. खऱ्या मित्रांचेही चार प्रकार आहेत. त्यांतला वाईटापासून अडवणारा मित्र त्या वेळी मात्र आपल्याला मुळीच आवडत नाही.

आमचेच सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी एका मित्राने पतपेढीचे कर्ज काढताना आम्हांला जामीन राहण्याची गळ घातली. "तुमच्यासारखा माणूस अख्ख्या वस्तीत नाही," असे तो चारचौघांत म्हणायचा. दुसरा एक मित्र, आमचा शाळासोबती, मुद्दाम घरी येऊन म्हणाला, "सही करू नकोस. त्याचे आधीचेच देणे बाकी आहे." आम्ही त्याला जळका म्हटले. तो चहासुद्धा न घेता गेला. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हे आम्ही लोकांना रोज समजावतो आणि तरीही सही केली! पुढे हप्ते थकले, कर्जदार वस्ती सोडून गेला आणि आमच्या पगारातून तीन वर्षे कपात झाली. मुलीच्या शाळेची फी अडली तेव्हा तोच शाळासोबती पैसे घेऊन दारात उभा राहिला. "मी सांगितले होते," हे शब्द त्याच्या तोंडून आजतागायत आलेले नाहीत.

बाबासाहेबांनाही दोन्ही प्रकारचे अनुभव आले. १९१७ मध्ये बडोद्याच्या पारशी सराईतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने हाकलले. तेव्हा त्यांनी एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला. एकाने नोकर सोडून जातील असे कारण दिले, दुसऱ्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगितले. बाबासाहेब कमाठी बागेत बसून राहिले. पण पारशी म्हणून त्यांनी सगळ्यांना एका मापाने मोजले नाही. कोलंबिया विद्यापीठात असताना लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये भेटलेले नवल भथेना हे पारशीच. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यास बाबासाहेब लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांबरोबर या मित्राचीही आर्थिक मदत झाली. तेव्हा मित्र आपल्याच समाजातला असावा, असा हट्ट विद्यार्थ्यांनी धरू नये. आमचा तो कर्जदार आपल्यातलाच होता.

आता विद्यार्थ्यांसाठी एक निकडीची गोष्ट. हल्ली कॉलेजातला ओळखीचा मुलगा म्हणतो, "तुझे खाते आणि एटीएम कार्ड दोन दिवस दे, थोडे पैसे तुलाही मिळतील." मुले भिडेखातर देतात. त्या खात्यात फसवणुकीचे पैसे फिरतात, खाते गोठवले जाते आणि पोलीस खातेदाराच्या घरी येतात. शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकते. मागणारा तोवर फोन उचलत नाही. अशा वेळी "घरी विचारून सांगतो" एवढे म्हणून पाहा. मित्र असेल तर तो थांबेल. घाई करू लागला, रुसला, तर समजून घ्या.

जामीन किंवा खात्याचा कुठलाही कागद पुढे आला आणि शंका वाटली, तर सहीपूर्वी तो आमच्याकडे आणा. रविवारी सकाळी आम्ही विहारातच असतो. जयभीम.